एका दिवसाचें शहर

प्रवासवर्णन हा आपल्या वाङ्मयांतील एक आवडता प्रकार आहे. त्याच्या शैलीची, विनोदाची आणि निसर्गवर्णनाची चर्चा आपण हौसेनें करतों. परंतु ज्याच्या तोंडून प्रवाशाला बहुधा शहर कळतें, त्या वाटाड्याच्या निवेदनाकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. वाटाड्या, आजच्या भाषेंत गाइड, हा पोटासाठीं बोलणारा मनुष्य. त्याच्या बोलण्याला वाङ्मयाचे निकष कशाला लावावयाचे, असें आपल्याला वाटतें. मलाही तसेंच वाटत असे. गेल्या हिवाळ्यांत दोन दिवस दोन वाटाड्यांच्या मागून हिंडल्यावर माझें मत पालटलें, आणि तें पालटतांना माझ्या विद्वत्तेचा थोडा मुखभंगही झाला. या लेखांत तोही सांगावा लागणार आहे.

झालें असें कीं, माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांचीं दोन मुलें व्हिएतनाम पाहून आलीं. मध्य व्हिएतनाममधील हुए या शहराला त्यांनीं एक संपूर्ण दिवस दिला होता. बरोबर इंग्रजी बोलणारा एक स्थानिक गाइड होता. हुए ही १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुयेन राजघराण्याची राजधानी. मेहुण्यांनीं तटबंदीचा राजदुर्ग, तू डुक बादशहाची समाधि, सुगंधा नदीच्या कांठचा थियेन मू विहार अशी भराभर यादी सांगितली. मुलांना मात्र त्या सर्व दिवसांतलें एकच दृश्य स्पष्ट आठवत होतें : विहारांत जपून ठेवलेली एक जुनी निळी मोटार. १९६३ च्या जून महिन्यांत थिक क्वांग डुक हे वृद्ध भिक्षु या मोटारींतून सैगॉनच्या एका चौकांत आले, आणि बौद्धांवर होणाऱ्या सरकारी जुलुमाच्या निषेधार्थ त्यांनीं भर रस्त्यांत स्वतःस जाळून घेतलें. गाइडनें राजदुर्गाचे दरवाजे घाईनें आटोपले होते. पण त्या मोटारीजवळ तो थांबला, आणि मुलें सांगत होतीं कीं, तेथें त्याचा आवाज खालीं आला.

हें ऐकून भाचीनें मला विचारलें, “मामा, तुमच्या साताऱ्यांतही राजवाडा आहे ना? मग तिथं असा गाइड मिळतो का?”

प्रश्न वरवर पोरकट, पण खोल होता. हुए आणि सातारा यांच्या नशिबांत साम्यही कमी नाहीं. दोनही ठिकाणीं परकीयांनीं गादी ठेवली आणि सत्ता काढून घेतली. फ्रेंचांनीं हाम न्घी आणि दुय तान या बादशहांना समुद्रापार हद्दपार केलें. इंग्रजांनीं १८३९ सालीं छत्रपति प्रतापसिंहांना साताऱ्याहून काशीस पाठविलें, आणि तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. पुढील वर्षीं साताऱ्याचें राज्यच खालसा झालें. परक्या देशांतील राजधानी ज्या मुलांनीं एका दिवसांत पाहिली, त्यांना आपली राजधानी एका दिवसांत कशी दिसेल? आम्हीं एक शनिवार साताऱ्यासाठीं आणि एक रविवार सांगलीसाठीं राखून ठेवला.

त्या दोन दिवसांची हकीकत सांगण्यापूर्वीं वाटाड्याच्या कुळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्याकडील मूळचा वाटाड्या म्हणजे क्षेत्रोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथें यात्रेकरू उतरला कीं उपाध्याय प्रथम त्याचें गांव, कुळ आणि वाडवडिलांचीं नांवें विचारी, आणि आपल्या वहींत त्याच्या आजोबाची सही काढून दाखवी. क्षेत्राचें माहात्म्य नंतर. म्हणजे तो शहर दाखवीत असे आणि त्याबरोबर पाहणाऱ्याची नोंदही घेत असे. या संस्थेंत लोभ होता, अडवणूक होती, हें कोण नाकारील? तथापि तिच्यांत एक मर्म होतें : आलेला मनुष्य कोण आहे हें कळल्यावांचून त्याला काय दाखवावें हें ठरत नाहीं. आजचा गाइड आपण कोण आहां असें विचारीत नाहीं; किती जण आहां असें विचारतो.

पाश्चात्य वाङ्मयांतही हा मनुष्य जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ग्रीस देशाचें वर्णन लिहिणारा पॉसेनियस आर्गोस येथील वाटाड्यांविषयीं म्हणतो कीं, आपण सांगतों तें सर्व खरें नव्हे हें त्यांना ठाऊक असतें, तरी ते सांगतात. कारण लोकांचें मत बदलणें सोपें नाहीं. मार्क ट्वेननें १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथांत पुढची पायरी गांठली. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं भेटेल त्या गाइडला फर्ग्युसन हें एकच नांव ठेवलें, आणि कोलंबसाच्या हस्ताक्षरापुढें व पुतळ्यापुढें वेडगळ प्रश्न विचारून त्या बिचाऱ्यास हैराण केलें. तेव्हांपासून गाइडची थट्टा हा सुशिक्षित प्रवाशाचा जणू हक्कच झाला. परंतु याच पाश्चात्य वाङ्मयांत डान्टेला नरकांतून वाट दाखविणारा व्हर्जिलही आहे. त्यानें आपल्या शिष्याला काय दाखविलें याइतकेंच, कोठें थांबविलें आणि कोठून लवकर पुढें नेलें, यालाही त्या काव्यांत महत्त्व आहे. वाटाड्याची परीक्षा करावयाची तर ती याच रीतीनें करावी असें मला वाटतें. त्याची निवड कोणती, प्रमाण कोणतें, आणि त्याचें मौन कोणतें, हे ते तीन प्रश्न होत.

शनिवारीं सकाळीं आम्ही अजिंक्यताऱ्यावर चढलों. आमचा गाइड पंचविशींतला, चुणचुणीत, इतिहासाची पदवी घेतलेला तरुण होता. शिलाहारांपासून त्यानें आरंभ केला. औरंगजेबाचा वेढा, १७०० सालीं सुरुंग उडून मोगलांचेंच सैन्य दरडीखालीं कसें गाडलें गेलें, १७०८ च्या जानेवारींत शाहूमहाराजांचा येथें झालेला राज्याभिषेक, हें सर्व त्यानें रंगवून सांगितलें. मधूनच “हा किल्ला नांवाप्रमाणेंच अजिंक्य राहिला” असें एक वाक्य त्याच्या तोंडून गेलें. माझ्यांतील अध्यापक जागा झाला. मुलांच्या समोरच मीं म्हटलें, “अहो, वेढ्यानंतर १७०० सालीं किल्ला मोगलांनीं घेतला आणि त्याचें नांव आझमतारा ठेवलें. १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतला. मग अजिंक्य कसा?”

तो क्षणभर गोरामोरा झाला. मग शांतपणें म्हणाला, “सर, चूक झाली खरी. पण हें नांव हरण्याआधींचं नाहीं. किल्ला ताराबाईंच्या काळांत परत मिळाला, आणि मग हें नांव आलं, असं आम्ही सांगतों. परत मिळवणाऱ्यांनीं ठेवलेलं नांव आहे तें.”

तारखेच्या हिशेबांत मी बरोबर होतों. अर्थाच्या हिशेबांत तो माझ्यापुढें होता. ‘अजिंक्य’ या शब्दांत वस्तुस्थितीपेक्षां प्रतिज्ञा अधिक आहे, हें त्यानें एका वाक्यांत दाखविलें. काव्य शिकवितांना हा भेद मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों आहें, आणि किल्ल्यावर मात्र तो विसरलों.

तेथून आम्ही चार भिंतींकडे आलों. १८५७ सालीं साताऱ्यांतील उठावाच्या आरोपावरून सतरा जणांना गेंडा माळावर देहान्त शिक्षा झाली. कोणास फांशी, कोणास गोळी, कोणास तोफेच्या तोंडीं दिलें. त्यांच्या व रंगो बापूजींच्या आठवणीशीं आतां ही जागा जोडली गेली आहे. रंगो बापूजी गुप्ते यांनीं धन्यासाठीं लंडनमध्यें चौदा वर्षें दाद मागितली, आणि हात हलवीत परत आल्यावर ते उठावाच्या तयारींत पडले. त्यांचा पुढें पत्ता लागला नाहीं. हें सांगतांना आमच्या गाइडनें एकही विशेषण वापरलें नाहीं. चौदा वर्षें, एवढेंच दोनदां म्हणाला. भाच्यानें लगेच हिशेब केला, “म्हणजे माझ्या वयापेक्षां जास्त!” निवेदनकलेंत आंकड्याचा असा उपयोग मीं थोड्याच ग्रंथांत पाहिला आहे.

सायंकाळीं संगम माहुलीस मात्र तोल गेला. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर शाहूमहाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधि आहे. वाघापासून त्यानें धन्याचे प्राण वांचविले ही दंतकथा गाइडनें इतकी खुलवून सांगितली कीं मुलें तेथून हलेनात. त्याच परिसरांत महाराणी ताराबाईंची समाधि आहे. तिच्या वांट्याला एक वाक्य आलें. राजारामांच्या पश्चात् ज्या बाईनें औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज दिली, तिच्यापेक्षां कुत्रा मोठा ठरला. यांत सर्व दोष गाइडचा नाहीं. प्रेक्षकाला काय रुचतें याचा अनुभव त्याला रोज येतो, आणि रोज टाळ्या घेणारें आख्यान हळूहळू लांबत जातें. आमच्या कीर्तनकारांचेंही असेंच होत असे. उत्तररंगांतील कथा फुगे आणि पूर्वरंगांतील निरूपण आटे. परंतु चांगला कीर्तनकार श्रोत्यांना गोष्टीच्या लोभानें बसवून ठेवी तो निरूपण गळीं उतरविण्यासाठींच. कुत्र्याच्या गोष्टीनें जीं मुलें थांबलीं होतीं, त्यांना तेथूनच ताराबाईंकडे नेतां आलें असतें.

यापेक्षां मोठी उणीव दुपारीं राजवाड्यांत घडली होती, आणि ती कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं. प्रतापसिंहांनीं बांधलेला जुना राजवाडा गाइडनें आम्हांला दाखविला. लांकूडकाम, चौक, दरबार यांची माहिती दिली. आम्ही गाडींत बसलों. तेव्हां दिवसभर अवाक्षर न बोललेला गाडीचा चालक मागें वळून म्हणाला, “साहेब, मुलांना शाळा दाखवायची राहिली.”

याच वाड्यांत भरणाऱ्या सरकारी शाळेंत, जिला पुढें प्रतापसिंह हायस्कूल हें नांव मिळालें, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर या नांवाच्या मुलानें इंग्रजी पहिलींत प्रवेश घेतला. त्या मुलानें पुढें या देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद भूषविलें. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. गाइडला हें ठाऊक होतें. तो प्रामाणिकपणें म्हणाला, “राजवाडा दाखवा म्हणणारे येतात, शाळा दाखवा असं कोणी म्हणत नाहीं.” परंतु मला काय झालें होतें? अजिंक्य या एका शब्दावरून ज्यानें त्या तरुणाला मुलांदेखत अडविलें, तो मी या मौनांत सुखानें सहभागी होतों. मला तारीख पाठ होती. ती मला सुचली नाहीं, कारण माझ्याही डोक्यांत सातारा म्हणजे गादी, तख्त आणि वेढे असेंच समीकरण बसलेलें आहे. चालकानें गाडी फिरवून आम्हांला दारापाशीं नेलें. आंत जातां आलें नाहीं. बाहेर उभें राहूनच त्यानें मुलांना सांगितलें. त्याचाही आवाज खालीं आला होता.

खोटें सांगणाऱ्या वाटाड्याला दुरुस्त करणें सोपें असतें. न सांगणाऱ्याला दुरुस्त करण्यासाठीं आपल्यालाच कांहीं आठवावें लागतें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. तीही आमच्या दिवसाच्या यादींत नव्हती. राजांच्या या शहराचा एक मोठा इतिहास शाळांचा आहे, आणि तो एका दिवसाच्या साताऱ्यांत बसत नाहीं असें आपण गृहीत धरलें आहे.

रविवारीं सांगली. येथें आम्हांला पदवीधर गाइड मिळाला नाहीं. एका जुन्या विद्यार्थ्यानें हळदीच्या पेठेंत जन्मभर हमाली करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची गांठ घालून दिली. मुलें त्यांना काका म्हणूं लागलीं. काकांनीं गणपतीचें दर्शन घडविलें, पटवर्धनांविषयीं चार वाक्यें सांगितलीं, आणि गणेशदुर्गाच्या खंदकापाशीं नेऊन १९४३ सालीं वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती तुरुंग फोडून येथून कसे निसटले, तें हातवारे करून दाखविलें. पण त्यांचें खरें निवेदन सुरू झालें तें १९२९ च्या आयर्विन पुलावर. “इथं पाणी मोजतात,” ते म्हणाले. “चाळीस फुटांला इशारा, पंचेचाळीसला धोका. सांगलीच्या पोराला पाढे येण्याआधीं हे दोन आंकडे येतात.” २०१९ च्या ऑगस्टमध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. कोणत्या पेठेंत कोठवर पाणी होतें, हें ते आपल्या छातीवर, गळ्यावर आणि मग डोक्यावर हात ठेवून सांगत चालले. त्यांच्या शहराचा नकाशा रस्त्यांचा नव्हता. पाण्याच्या उंचीचा होता.

तेथून हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचें देऊळ आहे. पण काका आम्हांला पेवांकडे घेऊन गेले. येथील जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत. तोंड बंद केलें कीं वर्षानुवर्षें तिला कीड लागत नसे. पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये, कोंडलेल्या हवेनें मनुष्य गुदमरतो. आधीं दिवा सोडून पाहावें, हें त्यांनीं मुलांना दोनदां बजावलें, जणू तीं उद्यांच उतरणार होतीं. २००५ च्या महापुरांत पेवांत पाणी शिरलें आणि हळद नासली. मग माल गुदामांत आणि शीतगृहांत जाऊं लागला. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें. पण ज्या सांठवणीनें या पेठेचें नांव झालें, ती सांठवण आतां बहुतेक आठवणींतच उरली आहे. “नांव मिळालं, पेव गेलं,” असें म्हणून ते गप्प बसले.

मला हरिपूर म्हटलें कीं देवल आठवतात. गोविंद बल्लाळ देवल हे या गांवचे. त्यांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकानें पैशासाठीं म्हाताऱ्याच्या गळ्यांत कोंवळी मुलगी बांधण्याच्या चालीवर घाव घातला. मीं काकांना देवलांचें घर विचारलें. ते म्हणाले, “साहेब, तें मला ठाऊक नाहीं. उगीच एखादं दाखवणार नाहीं.” पॉसेनियसच्या आर्गोसमधील वाटाड्यांना या उत्तराची किंमत कळली असती. सांगलीत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, हेंही त्या दिवशीं मलाच सांगावें लागलें. काकांच्या सांगलींत नाटक नव्हतें. परंतु यांत मला उणीव वाटली नाहीं. जें त्यांचें होतें तें त्यांनीं पुरें दिलें, आणि जें नव्हतें त्याची बतावणी केली नाहीं. त्यांच्या मौनाचें कारण अज्ञान होतें आणि तें त्यांनीं कबूल केलें. आमच्या साताऱ्यांतील मौनाचें कारण संवय होतें, आणि ती कबूल करण्याचें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें.

आतां आपल्या प्रवासवर्णनांकडे पाहावें. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या वणव्यांत सांपडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला आणि आजही ताजा वाटतो. कारण स्थळें दाखविण्याचा त्यांना हव्यासच नाहीं. झांशी त्यांनीं पाहिली ती तेथें अडकल्यामुळें. पुढें अनंत काणेकरांच्या ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ या १९४० च्या पुस्तकापासून पु. ल. देशपांडे यांच्या १९६० च्या ‘अपूर्वाई’पर्यंत या प्रकारानें मोठी मजल मारली, लेखकाचें प्रसन्न व्यक्तित्व हाच त्याचा प्राण झाला. हें मोठ्या लेखकांना शोभलें. पण त्यांच्या मागून आलेल्या असंख्य सामान्य प्रवासवर्णनांत एक लबाडी शिरली. आठ दिवसांत सहा शहरें दाखविणाऱ्या सहलींतून लेखक परततो, गाइडकडून ऐकलेला इतिहास स्वतःच्या व्यासंगासारखा मांडतो, आणि त्या गाइडला पुस्तकांत स्थान देतो तें फक्त त्याच्या इंग्रजी उच्चारांची थट्टा करण्यापुरतें. वाचकाला कळत नाहीं कीं हें शहर लेखकानें पाहिलें कीं ऐकलें. ऐकलेलें सांगण्यांत कमीपणा नाहीं. कोणाकडून ऐकलें हें दडविण्यांत आहे. सांगणारा समोर दिसला, तर त्यानें काय गाळलें असेल हा प्रश्न तरी वाचकाच्या मनांत उठेल.

एका दिवसांत शहर कळत नाहीं असें म्हणण्याची आपल्याला संवय आहे. मी त्या शहरांपैकीं एकांत इतकीं वर्षें राहिलों आणि दुसऱ्यांत शेंकडों वेळां गेलों. साताऱ्याची शाळा मला चालकानें दाखविली आणि सांगलीचें पेव एका हमालानें. तेव्हां दिवस एक कीं अनेक, या हिशेबाला मी पूर्वींइतकें महत्त्व देत नाहीं. कोणाबरोबर पाहिलें, आणि त्याला आपण काय विचारलें, यावर पुष्कळ अवलंबून आहे. गाइडची यादी आपल्याच मागणीनें बनलेली असते. शाळा पाहावयाची आहे असें दहा कुटुंबांनीं म्हटलें, तर अकराव्या कुटुंबाला ती न मागतां दिसेल.

रविवारीं रात्रीं मंडळी पुण्यास परत निघाली. गाडींत बसतांना भाचीनें विचारलें, “मामा, त्या शाळेचं तुम्हांला आधींपासून माहीत होतं ना? मग तुम्हीं का नाहीं सांगितलं?” मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. पुढच्या महिन्यांत आमच्याकडे आणखी पाहुणे येणार आहेत. त्यांना घेऊन निघतांना त्याच तरुण गाइडला बोलवावयाचें आणि दिवसाचा आरंभ शाळेच्या दारापासून करावयाचा, असें मीं ठरविलें आहे.